वेदी, उपदेश आणि कारभार : चर्चमध्ये बाईचा अधिकार कुठवर?

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. वर पोर्तुगीजांनी बांधून काढलेला किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावात एक ख्रिस्ती वस्ती. या वस्तीची घरातली भाषा पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात आणि ती बोलणारे जेमतेम हजारभर लोक उरले आहेत. चर्च माउंट कार्मेल मातेचं. रायगडचा सारा किनारा कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो, म्हणजे इथले फादर नेमण्याचा अधिकार मुंबईच्या आर्चबिशपांकडे आहे.

या गावातली ख्रिस्ती बाई सरपंच होऊ शकते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेत ती अध्यक्षस्थानी बसेल, ठराव मांडेल, खर्चाच्या कागदांवर सही करेल. रविवारी चर्चमध्ये मात्र ती मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही आणि मिस्सामधलं प्रवचनही देऊ शकत नाही. एकाच गावात एकाच बाईला एका संस्थेत अर्धा वाटा आणि दुसरीत बंद दार, असं का, हे समजून घ्यायचं तर ‘चर्च जुन्या विचारांचं आहे’ एवढ्यावर थांबून चालत नाही. चर्चमध्ये अधिकार तीन प्रकारचा असतो : वेदीवरचा, उपदेशाचा आणि कारभाराचा. या तिन्हींची गाठ कशी मारली आहे, यावर बाईचं स्थान ठरतं. कॅथलिक चर्चने ती एका प्रकारे मारली, प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी दुसऱ्या.

आधी वेदी. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सामध्ये फादर स्वतःच्या नावाने काही करत नाहीत. भाकर आणि द्राक्षारसावर ते ख्रिस्ताचे शब्द उच्चारतात, तेव्हा ते ख्रिस्ताच्या जागी उभे असतात. गुरुदीक्षा हा सात संस्कारांपैकी एक. तो मिळालेला माणूस कायमचा बदलतो, अशी धारणा आहे. १९८३ च्या चर्च कायद्याचं १०२४ वं कलम सांगतं, की हा संस्कार फक्त स्नानसंस्कार झालेल्या पुरुषालाच वैधपणे मिळतो. म्हणजे एखाद्या बिशपने हट्टाने स्त्रीला दीक्षा दिली, तरी चर्चच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

यामागचा युक्तिवाद स्त्रीच्या कुवतीविषयी नाही, असं व्हॅटिकनचं म्हणणं आहे. येशूने निवडलेले बारा प्रेषित पुरुष होते, चर्चने तीच परंपरा चालवली आणि ती बदलण्याचा हक्क चर्चलाच नाही, अशी ही भूमिका. १९७६ मध्ये व्हॅटिकनने ती सविस्तर मांडली आणि मे १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती अंतिम म्हणून जाहीर केली. विरोधकांचा प्रश्नही साधा आहे. ते बाराही जण ज्यू होते, मग धर्मगुरू ज्यूच असावा असा नियम का झाला नाही? बारांच्या बाबतीत कोणती गोष्ट कायमची आणि कोणती प्रसंगापुरती, हे ठरवणार कोण? वादाचं मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

सुरुवातीच्या चर्चकडे पाहिलं तर चित्र आजच्याइतकं ठरीव नव्हतं. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगितली मग्दालियाच्या मरियेने. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, तो याच कारणाने. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल ज्यांना नमस्कार कळवतो, त्यांत स्त्रियांची नावं बरीच आहेत. करिंथच्या बंदरातल्या, किंख्रियातल्या फिबीला तो मंडळीची सेविका म्हणतो, आणि तिथे वापरलेला मूळ शब्द पुढे डीकनपदासाठी, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या दीक्षित पदासाठी, रूढ झाला. प्रेषितांत नावाजलेल्या युनियाचाही उल्लेख तिथे आहे. मध्ययुगातल्या भाष्यकारांना ती बाई असणं इतकं अवघड वाटलं, की त्यांनी तिचं नाव पुरुषाचं मानून टाकलं. त्याच पौलाच्या नावावरच्या इतर पत्रांत स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, पुरुषांना शिकवू नये, अशा आज्ञाही आहेत. दोन्ही बाजूंना आधार एकाच ग्रंथात सापडतो, म्हणून हा वाद केवळ वचनं दाखवून मिटत नाही.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये कित्येक शतकं स्त्री-डीकन होत्या. त्यांचं काम व्यवहारातून आलं होतं. प्रौढ माणसांचा स्नानसंस्कार अंगभर पाण्यात बुडवून आणि तेल लावून होई. स्त्रियांच्या बाबतीत ते पुरुषाने करणं अशोभनीय मानलं जाई. पुढे तान्ह्या मुलांचा स्नानसंस्कार सर्रास झाला, ही गरज ओसरली आणि पदही मावळलं. त्या स्त्रियांना मिळालेली दीक्षा खरी होती की नुसता आशीर्वाद, हे तपासायला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अभ्यासगट नेमले. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, हा प्रश्न खुलाच ठेवला.

या कडेकोट नियमांत दोन जागा अशा आहेत, की जिथे बाई आधीपासूनच संस्काराची कर्ती आहे. पहिली जागा स्नानसंस्काराची. बाळ दगावण्याची भीती असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही योग्य हेतूने, पाणी ओतून आणि ठरलेले शब्द म्हणून स्नानसंस्कार देऊ शकतं. तो पूर्ण वैध असतो, नंतर पुन्हा करायचा नसतो. युरोपात सुईणींना हे शब्द शिकवण्याची जबाबदारी शतकानुशतकं धर्मगुरूंवर होती आणि आजच्या कायद्याचं ८६१ वं कलमही लोकांना ती रीत शिकवून ठेवायला सांगतं. दुसरी जागा लग्नाची. लग्न फादर लावतात असं आपण म्हणतो. कॅथलिक शिकवण मात्र सांगते, की हा संस्कार नवरा-नवरी एकमेकांना देतात आणि फादर चर्चच्या वतीने साक्ष घेतात. नवरीचा होकार संस्काराचा अर्धा भाग आहे. जन्म आणि लग्न या दोन उंबरठ्यांवर चर्चने बाईचा हात चालवून घेतला, कारण तिथे तिच्यावाचून अडत होतं.

बाकीची वाट मात्र इंचाइंचाने मोकळी झाली. १९१७ च्या चर्च कायद्याप्रमाणे बाईने वेदीजवळ यायचं नव्हतं. पुरुष नसेल तर मिस्साची उत्तरं तिने लांबून द्यायची. डोकं झाकणं सक्तीचं होतं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली, कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली आणि शास्त्रवाचनाला बायका पुढे येऊ लागल्या. १९८३ च्या कायद्यातून ती जुनी बंधनं गळाली. १९९४ मध्ये मुलींना वेदीसेवक होण्याची परवानगी मिळाली, तीही स्थानिक बिशपांच्या मर्जीवर. २०१६ पासून पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतले जातात, त्यांत स्त्रिया अधिकृतपणे आल्या. जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही कायमची पदं स्त्रियांना खुली झाली. मिस्सामधलं प्रवचन अजूनही फक्त दीक्षित पुरुषांचं आहे.

या बदलांकडे बघताना रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास वेगळं काही सांगतो. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट या चार संघांच्या वास्तू होत्या. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल, म्हणजे रेवदंड्याचं हे पोर्तुगीज ठाणं, मराठ्यांकडे गेलं. पोर्तुगीज अंमल संपला, मठ उजाड झाले. पुरुषांच्या हातातली सारी यंत्रणा, मठ, तोफा, कर आणि न्याय, इथून उठून गेली. कोर्लईची वस्ती मात्र राहिली. जी भाषा शाळेत नव्हती, दरबारात नव्हती, बाजारात उपयोगाची नव्हती, ती पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकली. अशी भाषा पाळण्याशी आणि चुलीपाशीच टिकते. संध्याकाळची जपमाळ, मुलाला शिकवलेली पहिली प्रार्थना, आजारपणातला नवस, हे सगळं तिच्याच सोबतीने घराघरांत चाललं असणार. आई आणि आजीने चालवलेल्या या परंपरेला कोणत्याही चर्च कायद्यात पद नाही. पण ती नसती, तर फादरना मिस्सा म्हणायला समोर मंडळी उरली नसती.

घराबाहेर बाईला अधिकाराची जागा मिळाली ती मठात. १६०६ मध्ये गोव्यात आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी सांता मोनिकाचा मठ स्थापन केला. पोर्तुगीज पूर्वेतला हा पहिला मोठा स्त्रीमठ. मठाची प्रमुख निवडणं, मठाची मिळकत सांभाळणं, कोणाला आत घ्यायचं ते ठरवणं, हे सगळं तिथल्या स्त्रियांच्या हातात होतं. मुलींबरोबर मठात येणारा हुंडा आणि मठाकडे साचणारी संपत्ती यावरून गोव्याच्या नगरसभेने वारंवार तक्रारी केल्या, यावरून त्या सत्तेचं वजन कळतं. तरीही मिस्सा आणि पापनिवेदनासाठी याच स्त्रियांना पुरुष धर्मगुरूंची वाट पाहावी लागे. आजच्या धर्मभगिनींची स्थिती फार वेगळी नाही. शाळा, दवाखाना, वसतिगृह त्या स्वतःच्या हिमतीवर चालवतात आणि आपल्या संघाच्या वरिष्ठ त्याच निवडतात. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या मंडळीच्या, आवारात पाऊल टाकलं, की शेवटचा शब्द फादरचा.

प्रॉटेस्टंट मिशनं या किनाऱ्यावर आली ती वेगळी कल्पना घेऊन. तिथे पाळक म्हणजे ख्रिस्ताच्या जागी उभा राहून बलिदान अर्पण करणारा गुरू नव्हे. शास्त्र समजावून सांगणारा आणि मंडळी सांभाळणारा सेवक, एवढंच. केंद्र वेदीवरून वचनाकडे सरकलं. मग वचन वाचता येणारी, समजावता येणारी बाई पुढे आली तर तिला कोणत्या आधारावर अडवायचं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अमेरिकन मराठी मिशनने १८२० च्या दशकात मुंबईबरोबरच अलिबाग, रेवदंडा या बाजूलाही शाळा काढल्या. त्याच मिशनतर्फे १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार मुंबईत उतरल्या. अमेरिकेबाहेर पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित स्त्री मिशनरींपैकी. पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. मिशनने फरारबाईंना मंडळीत उपदेशकाचं पद दिलं नव्हतं. शिकवण्याचा अधिकार मिळाला तो मुलींना आणि बायकांना शिकवण्यापुरता.

हीच चौकट पुढे ‘बायबल वुमन’ या नोकरीत दिसते. परपुरुष जाऊ शकत नाही अशा माजघरांत जाऊन शास्त्र वाचून दाखवायचं, बायकांना अक्षर ओळखायला शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं. मराठी मिशनांत अशा कितीतरी बायका मासिक पगारावर काम करत होत्या. काम उपदेशकाचं आणि हुद्दा मदतनिसाचा. प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेबच लागत.

ही चौकट मोडली ती पंडिता रमाबाईंनी. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. पुरुषांनी भरलेल्या सभांत संस्कृत शास्त्रांवर बोलण्याची त्यांना सवय होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, अशी कल्पना निघाली. मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर भारतात परतल्यावर त्यांचं वजन कमी होईल, असं कारण दिलं गेलं. ज्या हिंदू समाजाच्या नावाने ही काळजी होती, त्यातल्या पंडितांनी त्यांना भर सभेत ऐकून घेतलं होतं. रमाबाईंनी ही ढवळाढवळ मान्य केली नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा स्पष्ट दिसतो. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे आपली विचारशक्ती बिशपांच्या स्वाधीन केली असं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्रैक्यासारख्या गहन सिद्धान्तावरही त्या आज्ञेखातर मान डोलवायला तयार नव्हत्या.

भारतात परतल्यावर त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या यंत्रणेत स्वतःला बसवलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलींना तिथे आसरा दिला. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उठली, तेव्हा मुलींच्या तुकड्या गावोगाव प्रचाराला बाहेर पडल्या. त्यांना कोणी दीक्षा दिली नव्हती आणि कोणाची परवानगीही विचारली गेली नव्हती. रमाबाईंचं सर्वांत धाडसी काम मात्र शांतपणे, टेबलाशी बसून झालं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. नवा करार १९१३ मध्ये आला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. वचन हेच ज्या धर्मपरंपरेचं केंद्र, तिथे मूळ भाषांतून वचन मराठीत आणण्याहून मोठा उपदेशाचा अधिकार दुसरा कोणता?

त्याच काळात आलेल्या मुक्तिफौजेने (सॅल्व्हेशन आर्मीने) तर हा प्रश्नच उरू दिला नाही. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर यांच्यासह मुंबईत उतरलेल्या चौघांत लेफ्टनंट मेरी थॉम्पसन या एक होत्या. या संघटनेत बाई आणि पुरुष दोघंही अधिकारी होऊ शकतात आणि दोघंही उपदेश करतात. हे इतकं सोपं कसं झालं? मुक्तिफौजेच्या उपासनेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. वेदी नसली की वेदीवर कोण, हा वादही नसतो.

मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांना वेळ लागला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात आज स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेतल्या भगिनी-चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या आणि २०२४ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने व्हायोलेट नायक यांच्या रूपाने पहिली स्त्री बिशप नेमली. रमाबाईंना अडवणारे बिशप ज्या चर्चचे होते, त्या इंग्लंडच्या चर्चने १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरू केलं, २०१५ मध्ये बिशप केलं आणि २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांची निवड झाली. दार उघडलं म्हणून आत गर्दी झाली, असं मात्र नाही. पाळकीण आपल्याच मंडळीत नको, दुसरीकडे चालेल, अशी कुजबुज असतेच आणि नेमणुकीच्या वेळी ती कामही करते.

पुन्हा कॅथलिक किनाऱ्याकडे वळू. इथे दीक्षेचं दार बंद असेल, तर तिसरा अधिकार, कारभार, कुठवर मोकळा आहे? अडचण अशी, की चर्च कायद्याच्या १२९ व्या कलमाने कारभाराचा अधिकार मुळात दीक्षितांचा मानला आहे आणि सामान्य ख्रिस्ती त्यात ‘सहकार्य’ करू शकतात, असं म्हटलं आहे. त्यामुळे पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. कौन्सिलवर सगळ्या बायका बसल्या, तरी निर्णय फादरचाच. या एका बाबतीत गावातला सामान्य ख्रिस्ती पुरुष आणि त्याची बायको दोघंही सारखेच बिनअधिकाराचे आहेत. फरक पुढच्या पिढीत पडतो. त्यांचा मुलगा धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत जाऊन निर्णय घेणारा होऊ शकतो, मुलगी नाही. स्त्रियांना वगळलं गेलं असं जे आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं मुळात सामान्यजनांना वगळणं आहे. फक्त पुरुषांसाठी त्या कुंपणाला एक फाटक ठेवलेलं आहे.

असं असलं तरी, सिद्धान्ताला धक्का न लावता बाईला देता येतील अशा जागा कायद्यात कमी नाहीत. धर्मप्रांताची चॅन्सेलर, अर्थव्यवस्थापक, चर्चच्या विवाह न्यायालयात न्यायाधीश, सेमिनरीत ईशज्ञानाची प्राध्यापक, ही सगळी पदं तिला मिळू शकतात. धर्मगुरूंची टंचाई असेल, तर ५१७ व्या कलमाने एखाद्या पॅरिशची रोजची देखरेख सामान्य व्यक्तीवर सोपवता येते आणि ती व्यक्ती स्त्री असू शकते. मार्च २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनची बहुतेक खाती सामान्यजनांना खुली केली. ऑक्टोबर २०२३ च्या सिनडमध्ये ३६५ मतदारांत ५४ स्त्रिया होत्या. त्याआधी अशा सभेत स्त्रियांना मतच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या.

भारतातही कागद तयार आहे. देशातल्या कॅथलिक बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलं. त्याच्या घडणीत मुंबईच्या अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांचा वाटा होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातली पहिली ऊतीपेढी उभारणाऱ्या या शास्त्रज्ञ बाई चर्चमधल्या स्त्रियांच्या हक्कांवर कित्येक वर्षं लिहीत आल्या आहेत. त्या ज्या महाधर्मप्रांताच्या, त्याचंच टोक कोर्लईपर्यंत पोचतं. वस्त्यावस्त्यांत जमणारे छोटे ख्रिस्ती समूह, धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांची विचारपूस, सणाची तयारी, ही कामं आजही मुख्यतः बायकाच ओढतात. म्हणजे जबाबदारी आधीच दिलेली आहे. राहिलं आहे ते तिच्याबरोबर येणारं पद आणि मत.

म्हणून या विषयावर बोलताना ‘बाई फादर होणार का?’ एवढा एकच प्रश्न विचारणं फसवं ठरतं. तो प्रश्न मोठा आहे आणि रोमच्या भूमिकेत तो सध्या अडलेला आहे. पण त्याच्या आडोशाला दुसरे सोपे प्रश्न लपून राहतात. अर्थसमितीवर किती बायका आहेत? मिस्साबाहेरच्या प्रार्थनासभेत प्रवचनाला बाईला बोलावता येतं, ते बोलावलं जातं का? आपत्कालीन स्नानसंस्काराची रीत गावातल्या बायकांना कोणी शिकवली आहे का? पॅरिशच्या जमाखर्चाची वही एखाद्या बाईने तपासावी की नाही, हे ठरवायला कोणत्याही बिशपांना रोमला पत्र लिहावं लागत नाही.